दिवसा झोपणाऱ्याचं घर

गावात त्याला सगळे घुमटवाला म्हणत. डोंगरमाथ्यावरचा तो पांढरा घुमट गावातल्या कुठल्याही रस्त्यावरून दिसे, आणि तो उघडायचं-मिटायचं काम या माणसाकडे आहे एवढं लोकांना ठाऊक होतं. पुढचं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरून घेतलं होतं. न्हावी दर खेपेला विचारायचा, यंदा पाऊस कसा आहे. भाजीवालीची खात्री होती की हा रात्रभर चांदण्या मोजतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. एक शेजारी तर मुलीचं नशीब विचारायला येऊन बसला होता. घुमटवाल्यानं त्याला चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि वाटेला लावलं. समजावून सांगायच्या भानगडीत तो पडत नसे, कारण समजावून सांगायला दिवसा जागं राहावं लागतं.

दुर्बीण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक नळी येते आणि तिला डोळा लावून वाकलेला एक म्हातारा. ते चित्र आधी पुसून टाका. ही दुर्बीण तीन मजली घराएवढी होती आणि तिला डोळा लावायला कुठे जागाच नव्हती. खाली प्रचंड आरसा, वर लोखंडी सांगाडा, आणि सगळा डोलारा तेलाच्या पातळ थरावर असा तोललेला की हातानं ढकलला तरी हलावा. शेजारच्या खोलीत घुमटवाला पडद्यांसमोर बसायचा. शास्त्रज्ञ येत, चार रात्री राहून जात, मग दुसरे येत. कुठे बघायचं ते त्यांनी सांगायचं. दुर्बीण तिकडे वळवायची, तिथे धरून ठेवायची, वाऱ्यावर आणि हवेतल्या ओलाव्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, आणि धुकं चढायला लागलं की कुणी कितीही गयावया केली तरी घुमट मिटायचा, हे ऑपरेटरचं, म्हणजे घुमटवाल्याचं काम. आरशावर दव धरलं तर मुलाम्यावर डाग पडतात, आणि मग सगळंच ठप्प.

आकाशाचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. हे ऐकून लोकांना धक्का बसे, पण खरं तेच होतं. त्याला कौतुक होतं संध्याकाळी घुमट उघडण्याचं. मोटारी गुरगुरायला लागायच्या, दोन प्रचंड झडपा बाजूला सरकायच्या, दिवसभर कोंडलेली हवा बाहेर पडायची आणि ग्रीसच्या वासात मिसळून थंडगार वारा आत यायचा. त्या दहा मिनिटांत दरवेळी त्याला वाटायचं की जगात आपला काहीतरी उपयोग आहे. ऑपरेटर म्हणून त्याचे केस पांढरे झाले, पण हे वाटणं काही जुनं झालं नाही.

डोंगरावरच्या त्या खोलीचा एक नियम होता आणि तो या घुमटवाल्यानंच बसवला होता. त्या उंचीवर हवा विरळ असते. शहाणीसुरती माणसं साध्या बेरजा चुकतात, हातात चष्मा धरून चष्मा शोधतात. म्हणून तिथे काहीही मुकाट्यानं करायचं नाही. बटण दाबायच्या आधी मोठ्यानं सांगायचं, "वळवतोय." समोरच्यानं तितक्याच मोठ्यानं म्हणायचं, "वळवा." आणि कुणालाही काहीही खटकलं, तो शास्त्रज्ञ असो, गाडीचा ड्रायव्हर असो की स्वयंपाकी, त्यानं ओरडायचं, "थांबा!" त्यावर घुमटवाला आधी हात उचलायचा आणि मग विचारायचा, काय झालं?

एकदा एका पाहुण्या शास्त्रज्ञाला दुर्बिणीखाली कुणीतरी विसरलेली शिडी दिसली होती. पण आपण नवखे, उगाच कशाला तोंड घाला, म्हणून तो गप्प राहिला आणि शिडीचा चेंदामेंदा झाला. दुसऱ्या दिवशी घुमटवाल्यानं त्याला ती वाकडीतिकडी शिडी दाखवली.

"ही शिडी होती म्हणून ठीक," तो म्हणाला. "माणूस असता तर? इथे लाजायचं नाही. चुकून ओरडलात तर मी एक शब्द बोलणार नाही. गप्प बसलात तर मात्र माझ्यासारखा वाईट माणूस नाही."

तेव्हापासून नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी घुमटाखाली उभा करून 'थांबा' असं ओरडायला लावी. पहिल्यांदा सगळे कुजबुजल्यासारखं ओरडत. घुमटवाला हात कानामागे धरून म्हणे, "काय? कोण मेलं म्हणालात?" मग हशा पिकायचा आणि पुढचं 'थांबा' घुमटात घुमायचं.

घरी नेमकं याच्या उलट होतं.

गाव डोंगराच्या पायथ्याशीच, त्यामुळे सकाळी गाडी त्याला दारात आणून सोडी. फाटक वाजू नये म्हणून बायकोनं बिजागऱ्यांना तेल घातलेलं असे. तो जेवायचा, आतल्या खोलीत जायचा, दार लावायचा, आणि त्या क्षणापासून संध्याकाळी त्याचा गजर होईपर्यंत त्या घरात हूं की चूं होत नसे.

याची सुरुवात मुलगी तान्ही असताना झाली. पोर दिवसभर रडायची, गल्लीत फेरीवाले ओरडायचे, वरच्या मजल्यावर कुणीतरी सदानकदा काहीतरी ठोकत असायचं. त्याच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी एका रात्री पडद्यासमोर तो पेंगला, धुकं कधी चढलं ते त्याला कळलंच नाही, आणि आरशावर दव धरलं. वेधशाळेच्या प्रमुखांनी त्याला बोलावून शांतपणे समज दिली. शांतपणे दिली म्हणूनच ती जास्त लागली. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मला दिवसा झोप मिळाली नाही, तर एक दिवस वर माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल."

एवढंच म्हणाला. पुन्हा कधी म्हणाला नाही. म्हणायची वेळच आली नाही, कारण बायकोनं मनाशी खूणगाठ बांधली.

ही बाई माहेरी बडबडी म्हणून प्रसिद्ध होती. तिनं हाक मारली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चाललेला माणूस वळून बघायचा. तिनं खिडक्यांना काळं कापड लावलं. बेलची तार काढून टाकली. खुर्च्यांच्या पायांना जुन्या चादरीचे बूट शिवले. कुकरच्या शिट्या नवरा यायच्या आत होऊन जायच्या, आणि भांडी एकात एक ठेवताना मध्ये फडकं असायचं. तिचं शिलाई मशीन फार खडखडायचं, ते तिनं मैत्रिणीच्या दुकानात नेऊन ठेवलं आणि घरी हातशिलाईच तेवढी करू लागली. शिंक आली तर ती उशीत तोंड खुपसून शिंकायची. मुलगी तोंड न उघडता हसायला शिकली. शाळेतून तक्रार आली की मुलगी हुशार आहे, पण उत्तर काय देते ते पहिल्या बाकालासुद्धा ऐकू येत नाही. ती मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तरी फोनवर समोरचा तिला 'जरा मोठ्यानं बोला' म्हणायचा तो म्हणायचाच.

म्हणून हे घर दुःखी होतं असं मात्र समजू नका. संध्याकाळी गजर झाला की बांध फुटायचा. तो उठून तोंड धुईपर्यंत बायको दारात उभी राहून दिवसभराचं तुंबलेलं सगळं सांगायला लागे. कोण आलं, कोण गेलं, मैत्रिणीच्या दुकानात कुणाचं बिनसलं. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत दोघं चहावर चहा पीत बोलत बसायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ज्यांच्याकडे रोज बोलायला काहीतरी शिल्लक असतं, अशी जोडपी मी फार पाहिलेली नाहीत.

ज्या दिवशी ते झालं, तो दिवस काही वेगळा नव्हता. दुपार होती. ती दूध तापवत होती. अचानक उजवा हात तिचा राहिला नाही, मग पाय राहिला नाही, आणि ती ओट्याच्या कडेला घासत खाली बसली आणि बसल्याची आडवी झाली. शुद्ध गेली नव्हती. दूध उतू जाऊन गॅस विझला, तो तिनं डाव्या हातानं ओट्याखालच्या सिलिंडरवरून कसाबसा बंद केला. आतल्या खोलीचं दार तिला समोर दिसत होतं. दहा पावलांवर नवरा झोपला होता.

ती तिथे संध्याकाळपर्यंत पडून होती.

गजर झाल्यावर तो उठला. दारात कुणी बोलायला आलं नाही, तेव्हा मैत्रिणीकडे गेली असेल असं त्याला वाटलं. तोंड धुऊन, टॉवेलनं मान पुसत तो स्वयंपाकघरात आला. ती जमिनीवर होती, डोळे उघडे होते, आणि डाव्या हातात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण छातीशी घट्ट धरलेलं होतं. पडता पडता हात लागून ते ओट्यावरून घसरलं होतं. ते फरशीवर वाजू नये म्हणून तिनं ते वरच्यावर धरलं होतं.

टॉवेल तिथेच टाकून त्यानं तिला उचललं. त्याला न्यायला आलेल्या वेधशाळेच्या गाडीतूनच त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, कधी झालं हे? तिला नीट बोलता येत नव्हतं. त्याला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर एक इंजेक्शन असतं. आता त्याची वेळ गेली." त्यांनी दोष दिला नाही. पुढच्या पेशंटकडे गेले.

मुलगी रात्रीत येऊन पोचली. आईच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग बापाकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझं असं झालं असतं ना, तर मीसुद्धा ओरडले नसते."

बाहेर जाऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला. डोंगरावर त्यानं नव्या-जुन्या, लहानमोठ्या सगळ्यांना ओरडायला शिकवलं होतं. स्वयंपाक्याला शिकवलं होतं. परदेशातून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसांनासुद्धा तेवढा एक शब्द शिकवला होता. आणि घरातल्या दोन बायकांना त्यानं गप्प राहायला शिकवलं होतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की दवाखान्याच्या झाडूवालीनं 'बाजूला सरका' म्हटलं तेव्हा तो तिला 'चुकलं' म्हणाला.

बायको घरी आली. पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालता यायला लागलं. उजवा हात जड राहिला. शब्द अडखळत, पण येत. एकदा तिला दलियाचे घास भरवता भरवता त्यानं विचारलं, "अगं, हाक का नाही मारलीस?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. जसा काही त्यानंच वेड्यासारखा प्रश्न विचारला होता.

"झोप... लागलेली... तुमची," ती म्हणाली.

बोलणं सुधारायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. त्यांचा तो व्यवसायच होता. मोठ्या खटपट्या आणि खमक्या. ओठ गोल करा, गाल फुगवा, मेणबत्ती विझवा, असे व्यायाम चालायचे. थोड्या दिवसांनी त्यांनी घुमटवाल्याला बाजूला घेतलं.

"काका, जिभेचं होईल हळूहळू. पण एक कळत नाही. आवाज आहे त्यांच्यात, घसा चांगला आहे. आणि मोठ्यानं म्हणा म्हटलं की त्या आधी त्या दाराकडे बघतात आणि आवाज पार खाली नेतात." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "तिथे काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "मी झोपतो तिथे."

त्याची रजा चालू होती. आता रात्री झोपायला हरकत नव्हती, पण शरीराला कोण सांगणार? रात्रभर तो टक्क जागा असायचा आणि दुपार झाली की डोळे मिटायला लागायचे. दोन-तीनदा तर तिच्याशी बोलता बोलता त्याला खुर्चीतच पेंग आली, आणि जागा झाला तेव्हा ती श्वाससुद्धा बेतानं घेत समोर बसलेली होती.

हिवाळा तोंडावर आला तसे वेधशाळेचे प्रमुख घरी येऊन गेले. भला माणूस. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग मुद्द्यावर आले. "रात्री लांबायला लागल्यात, आकाश स्वच्छ आहे. तुमच्या सुट्टीला यायचा तो ऑपरेटर एकटा ओढतोय, तोही थकलाय. तुम्ही रात्रपाळीला परत आलात तर सोन्याहून पिवळं. नसेल जमत तर दिवसाच्या तुकडीत घालतो. आरसा धुणं, मोटारींना ग्रीस, पंखे वगैरे. पगारात फरक नाही. पण काय ते लवकर सांगा, मला नवा माणूस शोधावा लागेल."

ते गेल्यावर घुमटवाला कपबशा विसळायला लागला. दिवसाचं काम काही हलकं नव्हतं, आणि आरसा धुणारी माणसं त्याची मित्रच होती. पण त्यांची गाडी संध्याकाळी, घुमट उघडायच्या आधी, खाली निघायची. गेली कित्येक वर्षं तो वर चढताना घाटात ती गाडी त्याला समोरून भेटायची आणि आतली माणसं हात हलवायची. आता आपण त्या गाडीत बसून हात हलवायचा? वर मोटारी गुरगुरणार आणि आपण खाली घाटात? विसळलेलाच कप तो पुन्हा विसळत राहिला.

बायकोनं ते ओळखलं. "जा," ती म्हणाली.

"आणि दिवसा मी झोपलो आणि तुला परत काही झालं तर?"

"नाही... होत."

"ते तू ठरवणार का?"

ती हसली. एका बाजूनं हसायची आता. "दिवसा... तुमचा... उपयोग काय? माश्या... मारता."

तिला खरंच वाटत होतं की त्यानं जावं. हा माणूस रात्री घरात येरझाऱ्या घालताना तिला बघवत नव्हतं. मग त्यानं अट घातली. मी आत दार लावून पडतो. तू स्वयंपाकघरातून हाक मारून मला उठव. तुझ्या हाकेनं मी उठलो, तर रात्रपाळीला जातो. नाही उठवता आलं, तर नाही जात.

"अहो... त्यात... काय," ती म्हणाली.

त्यात काय होतं ते दोघांना लवकरच कळलं. तो आत जाऊन पडे. बाहेर शांतता. तो कानोसा घेई. मग काठीचा आवाज नाही, कारण काठीला तिनं खाली फडकं गुंडाळलेलं, पण फरशीवर पाय ओढल्याची चाहूल लागे. दार हळूच उघडे आणि ती त्याच्या पायाचा अंगठा धरून हलवे. मुलगी झाली तेव्हापासून, कधी गजरानं तो उठला नाही की ती त्याला असंच उठवत आली होती.

"अगं, हाक मारायची! अंगठा नाही धरायचा!"

"हो... हो."

पुन्हा तेच. ओट्याशी उभी राहून ती तोंड उघडायची, मान ताणायची, छाती भरून श्वास घ्यायची, आणि ऐन वेळी गळ्यातून फक्त वारा निघायचा. मग कष्टानं एवढं अंतर चालत येऊन अंगठा. घुमटवाला कधी चिडायचा, कधी गंमत करायचा. "काय? कोण मेलं म्हणालीस?" असं हात कानामागे धरून विचारायचा. डोंगरावर ही युक्ती हमखास चालायची. इथे ती बिचारी ओशाळं हसायची आणि तिच्या कपाळावर घाम यायचा. एकदा त्यानं फोन लावून मुलीला सांगितलं, "तू तरी आईला ओरडून दाखव गं." पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, ऑफिसात आहे." तिघांनाही ठाऊक होतं की प्रश्न ऑफिसचा नव्हता.

प्रमुखांचा निरोप आला की आता उत्तर हवं. दोन दिवसांत सांगतो, असं तो म्हणाला. त्या रात्रीही त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो आत गेला तो खरोखरच मेल्यासारखा झोपला. सराव वगैरे काही डोक्यात नव्हतं.

त्याच दुपारी रस्त्याच्या कामाची माणसं आली. घरासमोरचा फुटपाथ फोडून पाइप टाकायचा होता. मुकादमानं जागा दाखवली, एकानं फोडायचं मशीन लावलं, आणि खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या.

घुमटवाल्याला झोपेत ते गुरगुरणं ऐकू येत होतं, पण त्यानं तो जागा झाला नाही. उलट झोपेत त्याला बरंच वाटलं असावं. मोटारी चालू झाल्या की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

तो जागा झाला तो एका हाकेनं.

बाईचा आवाज होता. खणखणीत, गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाईल असा. पहिल्या क्षणी तो कुणाचा ते त्याला ओळखूच आलं नाही, कारण तो आवाज त्यानं मुलगी झाल्यापासून ऐकला नव्हता. मग ओळख पटली आणि तो ताडकन उठून बसला. जमलं तिला! ओरडली! त्याचा जीव एवढा मोठा झाला. अंधारात चपला न शोधताच तो दाराकडे धावला, स्वयंपाकघरात ती दिसली नाही, बाहेरचं दार सताड उघडं होतं. मशीनचा आवाज थांबला होता.

ती फाटकाशी उभी होती. काठी कुठेतरी टाकून दिलेली, डाव्या हातानं फाटकाचा गज धरलेला, मान ताठ. समोर मुकादम आणि त्याची माणसं तोंड वासून बघत होती. आणि ती पुन्हा ओरडली, एकदाही न अडखळता.

"बंदच ठेवा म्हटलं ना ते! घरात माणूस झोपलाय!"

घुमटवाला पायरीवर होता तिथेच थांबला.

ती काय ओरडली ते त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. आवाज होता. तो कुठेही गेलेला नव्हता. जमिनीवर पडली होती त्या दुपारीही तो तिच्या गळ्यात असाच होता, भरलेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. तिनं तो काढला नाही, कारण त्या दिवशी गरज तिची होती. आज त्याच्या झोपेला धक्का लागत होता. उद्या ती पुन्हा पडली तर पुन्हा झाकण छातीशी धरून पडून राहील, आणि आतल्या दाराकडे बघत राहील. सरावानं हे जाणारं नव्हतं. त्याचं दिवसा आत झोपणंच थांबायला हवं होतं; आत कुणी झोपलेलंच नसेल, तर ती गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारेल आणि शेजारी धावून येतील.

मुकादम शरमून म्हणाला, "ताई, माहीत नव्हतं हो. चारनंतर करतो."

ती वळली आणि तिला पायरीवर नवरा दिसला. अनवाणी, केस विस्कटलेले, उन्हानं डोळे बारीक झालेले. तिचा चेहरा पडला. गजाला धरलेला हात सुटला. तो धावत जाऊन तिला धरेपर्यंत ती पुन्हा तीच झाली होती, आणि त्याच्या कानाशी अगदी हळू, अडखळत म्हणाली, "उठवलं... ना... मी तुम्हाला?"

त्याला रडू कोसळलं. माणसं बघतायत याची त्याला लाज वाटली नाही. तिला धरूनच त्यानं पायरीवर बसवलं आणि शेजारी बसला. मुकादमानं आपल्या माणसांना उगाचच दुसरीकडे बघायला लावलं.

"बरं झालं उठवलंस," तो नाक पुसत म्हणाला. "आता मी दिवसा झोपायचा नाही. प्रमुखांना सांगतो, दिवसाच्या तुकडीत घाला म्हणून. रात्री तुझ्या शेजारी झोपेन. तू कितीही घोरलीस तरी मला ऐकू यायचं नाही."

ती हसली नाही. हा माणूस काय सोडतोय ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळच्या त्या दहा मिनिटांचं वर्णन तिनं चहावर किती वेळा ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"मग... घुमट... कोण... उघडणार?" तिनं विचारलं.

"उघडेल कुणीतरी," तो म्हणाला.

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की रस्त्यावरची माणसं दचकून वळली. बायकोनं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं ते बोट हळूच खाली घेतलं आणि हातात धरून ठेवलं.